व्हॉट्सॲप, गूगल, इन्स्टा आणि सकाळची मीटिंग: नागपूरच्या धंद्याला काय परवडतं

इतवारीतला भांडेवाला, बेसा रोडवर घरून सांबारवडी विकणाऱ्या काकू आणि धरमपेठेत ऑफिस थाटलेला इंटिरिअर डिझायनर, तिघांनाही आजकाल एकच सल्ला मिळतो: सोशल मीडियावर या, नेटवर्किंग करा. सल्ला ठीक आहे, पण एकाच मापाचा सदरा तिघांना बसत नाही. भांड्यांचं गिऱ्हाईक लग्नसराईत आणि धनत्रयोदशीला येतं, सांबारवडीचं हिवाळ्यात सांबार (म्हणजे कोथिंबीर) स्वस्त झाला की दर रविवारी, आणि इंटिरिअरचं फ्लॅट घेतला तेव्हाच. एका ऑर्डरमागे हाती राहणारा पैसा तर आणखीच वेगळा. म्हणून इथे प्रत्येक साधनाला एकच कसोटी लावली आहे: एक नवं गिऱ्हाईक उंबऱ्यापर्यंत आणायला रुपये किती, तास किती, आणि ते आल्यावर सुटतं किती.

गूगल बिझनेस प्रोफाइल

२०२१ पर्यंत याचं नाव 'गूगल माय बिझनेस' होतं, बरेच जण अजून तेच म्हणतात. फुकट आहे, आणि दुकान असो की घरगुती सेवा, पहिला हात यालाच घालावा असं आमचं स्पष्ट मत. इन्स्टावर माणूस वेळ घालवायला येतो. गूगलवर 'कूलर रिपेअर मनीषनगर' टाइप करणारा मे महिन्याच्या दुपारी घामाघूम होऊन बसलेला असतो. त्याला पटवायचं काही उरलेलं नसतं, फक्त त्याचा फोन उचलायचा असतो.

खातं उघडणं सोपं आहे, अडतं ते पडताळणीत. आता बहुतेकांना व्हिडिओ मागतात. तो मोबाइलवर, मध्ये न थांबवता, एका दमात काढायचा असतो. सुरुवात रस्त्यावरून करा, म्हणजे चौक किंवा शेजारची ओळखीची इमारत दिसेल. मग दुकानाची पाटी, मग स्वतःच्या हातानं शटर किंवा कुलूप उघडणं, आत माल, आणि शेवटी बिलबुक किंवा गुमास्ता परवाना. शटर उघडताना दाखवायचं कारण असं की दुकान तिथे आहे एवढं गूगलला पुरत नाही, ते तुम्ही चालवता याचा पुरावा त्याला हवा असतो. व्हिडिओ नाकारला जातो तो बहुतेक वेळा पाटीवरच्या आणि अर्जातल्या नावात फरक असल्यामुळे. पाटी आजोबांच्या नावाची, अर्ज नातवाच्या नव्या ब्रँडचा, अशी जोडी आपल्याकडे घरोघरी आहे. आधी पाटी बदला.

नावात करामती करू नका. पाटीवर 'अमुक ट्रेडर्स' आणि प्रोफाइलवर 'अमुक ट्रेडर्स बेस्ट कूलर शॉप इन नागपूर' असं लिहिलं की काही दिवस वर दिसतं, मग कुणीतरी तक्रार करतं आणि प्रोफाइल निलंबित होतं. ते परत मिळवायला गुमास्ता, जीएसटी प्रमाणपत्र, लाइटबिल असं सगळं जोडत बसावं लागतं, आणि हे घडतं ते नेमकं सीझनमध्ये. वेगवेगळी कामं सांगायची असतील तर त्यासाठी वर्गवाऱ्या आहेत: एक मुख्य आणि तिच्याशिवाय नऊपर्यंत जादा. मुख्य वर्गवारी ज्यातून पैसा येतो तीच ठेवा. कूलर विकता पण कमाई दुरुस्तीतून होते, तर मुख्य वर्गवारी दुरुस्तीची. वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे. त्यात 'ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय' लिहून जागा घालवू नका. कूलरच्या ताट्या (गवताच्या जाळ्या) बदलून मिळतात का, घरी येऊन पंप बसवता का, कुठल्या भागात जाता, ते लिहा.

घरून काम करणाऱ्यांनी पत्ता लपवावा आणि सेवा देण्याचे भाग भरावेत. वीसपर्यंत भाग देता येतात: बेसा, मनीषनगर, त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर असे. अख्खं विदर्भ टाकून काही फायदा नाही, कारण शोधणाऱ्यापासूनचं अंतर गूगल मोजतंच. यादीत वर कोण येणार हे तीन गोष्टींवर ठरतं असं गूगल स्वतः सांगतं: शोधाशी जुळणं, अंतर आणि प्रसिद्धी. पैसे भरून ही क्रमवारी विकत मिळत नाही. 'गूगलवर एक नंबरला आणून देतो' म्हणून फोन करणाऱ्याला हे वाक्य ऐकवा आणि ठेवून द्या.

इतवारी, महाल, गांधीबाग इथल्यांनी पिन जरूर तपासावी. जुन्या वस्तीत पिन हमखास मागच्या गल्लीत पडते. ज्याला दुकान माहीत नाही अशा माणसाला फक्त नकाशा बघून यायला सांगा. तो कुठे चुकतो ते पाहून पिन दारासमोर सरकवा. फोटोंमध्ये मालापेक्षा आधी तीन फोटो टाका: मुख्य रस्त्यावरून गल्लीचं तोंड, दोन्ही बाजूंनी येताना दिसणारी पाटी, आणि गाडी लावायची जागा. चारचाकी गल्लीत शिरत नसेल तर तेही लिहा. माणूस अर्ध्या वाटेतून परत गेला की पुन्हा येत नाही.

वेळांकडे कुणी बघत नाही आणि नुकसान तिथेच होतं. सणासुदीचे वेगळे तास भरायची सोय आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीनं महाल-इतवारीकडचे रस्ते भरलेले असतात. त्या दिवशी प्रोफाइल 'उघडे' म्हणत असेल आणि शटर बंद असेल, तर एका ताऱ्याचा शेरा ठरलेलाच.

शेऱ्यांबद्दल तीन गोष्टी. एक, शेरा मागायची वेळ म्हणजे काम झाल्याचा क्षण: कूलरची हवा थंड लागली की लगेच, दुसऱ्या दिवशी नाही. प्रोफाइलमधून शेऱ्याची लिंक आणि क्यूआर मिळतो, तो बिलाच्या मागे छापा. दोन, शेऱ्याच्या बदल्यात सूट किंवा भेट देणं गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि एकाच संध्याकाळी घरच्या वीस जणांनी टाकलेले शेरे गळून पडतात. तीन, वाईट शेऱ्याला उत्तर द्या, पण ते त्या माणसासाठी आहे असं समजू नका. वाचणार आहे तो पुढचा माणूस. दोन ओळी, काय झालं आणि काय केलं. शेरा मराठीत असेल तर उत्तरही मराठीत.

आमचा शेरा: खर्च शून्य, सुरुवातीला चार-पाच तास, मग आठवड्याला वीस मिनिटं. परवडत नाही असा धंदा सापडणं कठीण.

व्हॉट्सॲप बिझनेस

हे ॲप २०१८ पासून आहे, तरी निम्मे दुकानदार साध्या व्हॉट्सॲपवरच ऑर्डरी घेतात आणि घरच्या ग्रुपातल्या सुप्रभातांत त्या हरवतात. बदलायला एक अट लक्षात ठेवा: एकच नंबर साध्या आणि बिझनेस ॲपवर एकाच वेळी चालत नाही. त्यामुळे धंद्याचं सिम वेगळं घ्या, आणि तोच नंबर पाटीवर, बिलावर, गूगलवर सगळीकडे द्या.

उपयोगाच्या गोष्टी चार. कॅटलॉगमध्ये ५०० वस्तूंपर्यंत जागा आहे, पण चाळीसच्या वर टाकल्या तर कुणी खाली जात नाही. प्रत्येक वस्तूला भाव लिहा. नागपूरच्या गिऱ्हाइकाचा पहिला शब्द 'रेट?' हाच असतो. तो आधीच दिसला तर पुढचं बोलणं ऑर्डरचं होतं. झटपट उत्तरांत ५० उत्तरं साठवता येतात, तिरकी रेघ टाकून शब्द टाइप केला की पूर्ण मजकूर येतो. पत्ता, पैसे भरायचा यूपीआय, डिलिव्हरीचे भाग, परतीचा नियम, एवढी पाच-सहा पुरतात. लेबलं वीस मिळतात; त्यातली चार प्रामाणिकपणे वापरा: भाव विचारला, ॲडव्हान्स आला, माल दिला, पैसे बाकी. 'भाव विचारला' हे लेबल म्हणजे खरा खजिना. तिसऱ्या दिवशी त्यातल्या प्रत्येकाला एक ओळ पाठवायची: 'काकू, त्या डब्याचं काय ठरलं? स्टीलमध्ये अजून दोन आहेत.' बहुतेक दुकानं ही ओळ पाठवत नाहीत आणि मग म्हणतात की ऑनलाइनमधून काही होत नाही.

चौथी गोष्ट स्वागत संदेश. नवा माणूस आला की, किंवा जुना माणूस चौदा दिवसांनी परत बोलला की, तो आपोआप जातो. लोक इथे अर्धं पान लिहितात. दोन ओळी पुरेत: किती वाजेपर्यंत उत्तर मिळेल आणि तोवर कॅटलॉग कुठे बघावा.

ब्रॉडकास्टमध्ये सगळ्यांत मोठी गल्लत होते. एका यादीत २५६ नंबर बसतात, पण संदेश पोचतो तो ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच. दोनशे जणांना पाठवलं आणि तीसच जणांकडे दोन टिका आल्या, तर ॲप बिघडलेलं नसतं. उपाय काउंटरवर आहे: पैसे घेताना गिऱ्हाइकाला क्यूआर दाखवा आणि 'हा नंबर सेव्ह करा, ताज्या मालाचा फोटो येईल' असं तिथेच करून घ्या. नंबर विकत घेऊन हजार अनोळखी लोकांना मारा केला, तर लोक ब्लॉक आणि रिपोर्ट करतात आणि खातं बंद पडतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही परवानगीशिवाय कुणाचा नंबर वापरण्याच्या विरोधातच आहे. आणि गिऱ्हाइकांचा ग्रुप तर बनवूच नका. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि त्यात तुमचा शेजारचा दुकानदारही असतो.

सांबारवडीसारख्या मालाला याच्या तोडीचं साधन नाही. शुक्रवारी सकाळी स्टेटसवर एक फोटो, भाव, किती डबे शिल्लक, आणि 'शनिवारी रात्री आठपर्यंत सांगा'. रविवारी सकाळी वडी आणि सोबतची कढी जाते. मुदत दिली नाही तर लोक रविवारी अकराला विचारतात, आणि तोवर सांबार चिरून झालेला असतो. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी करून तो चौदा आकडी क्रमांक डब्यावर आणि कॅटलॉगमध्ये टाकावा. ऑफिसची किंवा सोसायटीची मोठी ऑर्डर देणारा तो बघतोच.

इन्स्टाग्राम, आणि त्यावरचा पैसा

इन्स्टा बघायला सुरेख आणि हिशोबाला कच्चं. ज्या धंद्यात काम डोळ्याला दिसतं (इंटिरिअर, केक, पैठणी, मेंदी, दागिने), तिथे ते चांगलं चालतं. नळदुरुस्ती किंवा होलसेल धान्याला त्यावर तासचे तास घालणं फुकट.

रील उभं काढा, पहिल्या तीन सेकंदांत वस्तू दिसली पाहिजे. दुकानाचा लोगो फिरत फिरत येतो तोवर बोट पुढे सरकलेलं असतं. एकाच वस्तूवर एक रील. पडद्यावर मराठीत भाव आणि भाग लिहा, कारण बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात. 'किंमत इनबॉक्समध्ये' ही प्रथा आमच्या मते सगळ्यांत महागडी चूक. दहा जण विचारतात, दहांना वेगवेगळ्या वेळी उत्तर जातं, आणि त्यातले आठ फक्त भावच बघायला आलेले असतात. खातं बिझनेस प्रकारचं केलं की बरीच चालती गाणी मिळेनाशी होतात, कारण त्यांचा परवाना व्यावसायिक वापरासाठी नसतो. लोक चिडून परत साधं खातं करतात. त्यापेक्षा हातोडीचा, तळणाचा, शिलाई मशीनचा खरा आवाज ठेवा. तो गाण्याहून बरा लागतो. परिचयाला १५० अक्षरं आहेत: काय, कुठे, केव्हा उघडं, आणि व्हॉट्सॲपची लिंक. सुविचार नको.

जाहिरात करायची तर पोस्टखालचं 'बूस्ट' बटण दाबण्याआधी थांबा. बूस्ट बहुधा बघणारे वाढवतं. ॲड्स मॅनेजरमध्ये जाऊन 'व्हॉट्सॲपवर संदेश' हे उद्दिष्ट निवडलं तर निदान बोलणारे येतात. भाग निवडताना 'नागपूर' एवढंच टाकू नका. दुकानावर पिन टाकून काही किलोमीटरचा घेर द्या. गोकुळपेठेतल्या केकसाठी कामठीहून कुणी येत नाही. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे १,००० रुपयांमागे १८० वेगळे धरून चला. जाहिरात खात्यात आपला जीएसटी क्रमांक भरला तर त्याचं इनपुट क्रेडिट घेता येतं, म्हणजे तो कर आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठी उलाढालीवर ठरावीक टक्के कर) असाल तर ते मिळत नाही, तो पूर्ण खर्चच.

हिशोब असा मांडा. समजा ३,००० ची जाहिरात, करासकट ३,५४०. साठ जणांनी संदेश केला, सहा जणांनी घेतलं. एका गिऱ्हाइकामागे ५९० रुपये. केकवर २०० सुटत असतील तर तोटा, पण त्याच घरातून वर्षात चार वाढदिवस आले तर फायदा. साठातले बाकी चोपन्न का गेले, हे बघितल्याशिवाय पुढची जाहिरात लावू नका. कारण बहुधा जाहिरातीत सापडत नाही. उत्तर तीन तासांनी गेलेलं असतं.

फूड ब्लॉगर आणि 'नागपूर' नावाची पानं हा वेगळाच बाजार. फॉलोअर किती हे विचारूच नका. मागा ते दोन स्क्रीनशॉट: मागच्या तीस दिवसांत रील किती जणांपर्यंत पोचली, आणि बघणाऱ्यांची शहरं कोणती. पानाच्या नावात नागपूर आणि बघणारे भलत्याच शहरांत, असंही निघतं. ठरवताना लिहून घ्या की व्हिडिओ तुमच्या जाहिरातीत वापरायची परवानगी आहे, आणि तो किती दिवस पानावर राहणार. पैसे किंवा फुकट जेवण घेऊन केलेली पोस्ट 'जाहिरात' म्हणून दाखवणं हे जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांत आहे. ब्लॉगर ते टाळत असेल तर दुसरा बघा. आणि पोस्ट शनिवारी येणार असेल तर शनिवारी स्वयंपाकघरात दोन हात जास्त लागतील. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर गर्दी उसळली, तर्री दहालाच संपली, आणि आलेल्या नव्या लोकांनी तिथेच उभं राहून वाईट शेरे टाकले, अशी प्रसिद्धी विकत घेण्यात काय हशील?

सकाळची मीटिंग

साप्ताहिक रेफरल गटांत सगळ्यांत माहितीचं नाव बीएनआय (बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल). इव्हान मिसनर यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू केलेली ही संस्था, आणि तिच्या धर्तीवर चालणारे इतरही गट आहेत. पद्धत ठरलेली: एका गटात एका व्यवसायाचा एकच माणूस, दर आठवड्याला सकाळी बैठक, प्रत्येकाला मिनिटभर बोलायचं, एकमेकांना कामं सुचवायची, मिळालेल्या धंद्याची नोंद करायची. हजेरी सक्तीची, सहा महिन्यांत ठरावीक गैरहजेऱ्यांपलीकडे गेलात तर जागा जाऊ शकते, मात्र बदली माणूस पाठवता येतो. इंजिनिअर माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी उभा केलेला सॅटर्डे क्लब हा याच कुळातला, पण भाषा आणि माहोल घरचा.

इथे फीपेक्षा वेळ महाग आहे. बैठक दोन तास, जाणं-येणं एक तास, वर्षाला पन्नास आठवडे म्हणजे १५० तास. त्याशिवाय सदस्यांबरोबर एकेकट्या भेटी, ज्यांच्याशिवाय गटाचा उपयोगच नाही. आठवड्याला एक धरली तर आणखी पन्नास-साठ तास. आता समजा फी, हॉल, नाश्ता मिळून वर्षाला ५०,००० खर्च येतो. इंटिरिअर डिझायनरचं ४ लाखांचं काम, १५ टक्के सुटतात, म्हणजे ६०,०००. एका कामात फी निघाली. सांबारवडीच्या किलोमागे ८० रुपये सुटत असतील तर फीचे ते ५०,००० काढायला ६२५ किलो जादा विकायला हवं. काकूंनी सकाळी सातला तिथे बसण्याऐवजी वड्या तळलेल्या बऱ्या. सोलर, विमा, इंटिरिअर, केटरिंग, छपाई, टूर, इव्हेंट: यांना हे गट फळतात. किरकोळ दुकानाला क्वचितच.

मिनिटभराच्या बोलण्यात लोक कंपनीचा इतिहास सांगतात आणि शेवटी 'कुणालाही गरज असेल तर सांगा' म्हणतात. कुणालाही म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कुणीच येत नाही. त्याऐवजी: 'बेसा-मनीषनगरकडे ज्यांना दिवाळीआधी फ्लॅटचा ताबा मिळतोय अशा सोसायटीचे सचिव मला हवे आहेत.' लगेच कुणाच्या तरी साडूचं नाव निघतं. दर आठवड्याला मागणी बदला, ओळख तीच ठेवा.

बिघडतं कुठे तेही सांगायला हवं. पहिलं, नुसता नंबर पुढे ढकलणं. ज्याला तुमच्या फोनची कल्पनाच नाही असा नंबर म्हणजे रेफरल नव्हे. देणाऱ्यानं आधी त्याच्याशी बोललेलं असायला हवं. दुसरं, सदस्यांनी आपापसातच खरेदी करत राहणं. आकडे फुगतात, बाहेरचा पैसा येत नाही. तिसरं, भिडेखातर कच्च्या माणसाचं नाव सुचवणं. नागपूर मोठं झालं तरी ओळखी दोन हात लांब असतात. तुम्ही सुचवलेल्या प्लंबरनं घोळ केला तर नाव तुमचं जातं. म्हणून गटातल्या ज्याचं काम स्वतः पाहिलं नाही त्याला सहा महिने रेफरल देऊ नका, दबाव आला तरी.

पैसे भरण्याआधी पाहुणा म्हणून जा. बीएनआयमध्ये एका गटात साधारण दोनदा जाता येतं. तिथे एकच गोष्ट शोधा: तुमच्या गिऱ्हाइकाकडे तुमच्या आधी कोण पोचतं? इंटिरिअरवाल्याच्या आधी बिल्डर, गृहकर्ज एजंट, आर्किटेक्ट पोचतात. हे गटात असतील तर फी भरा. नसतील आणि सगळे विमा-म्युच्युअल फंडवालेच असतील तर नाश्ता करून या. मागच्या वर्षीच्या सदस्यांपैकी किती जणांनी सदस्यत्व पुन्हा घेतलं, हेही विचारा. वकिलांनी मात्र जपून: बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार त्यांना जाहिरात किंवा कामाची मागणी करता येत नाही. सीएंनाही त्यांच्या कायद्यातली बंधनं आहेत. 'मला हे अशील हवं' असं उभं राहून मागणं त्यांना महागात पडू शकतं.

सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनात उद्योजकांची व्हीआयए (विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन) आहे, व्यापाऱ्यांसाठी नाग विदर्भ चेंबर आहे. तिथे रेफरल मागायला जाऊ नये. त्या संस्था कर, वीज, जागा, धोरण यांसाठी. पण एखाद्या समितीत वर्षभर मनापासून काम केलं तर बुटीबोरी-हिंगण्याचे कारखानदार तुम्हाला नावानं ओळखू लागतात, आणि पॅकिंग, सुरक्षा, कँटीन असल्या कामांना ती ओळख कुठल्याही रीलपेक्षा जड पडते. फळ उशिरा येतं, दीड-दोन वर्षं धरा.

भिशी, वाण आणि तान्हा पोळा

बिनफीचं नेटवर्किंग आपल्याकडे आधीपासूनच आहे, त्याला कुणी ते नाव देत नाही एवढंच. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची वाणं लागतात, एकेका घरात पन्नास ते शंभर नग, सगळे सारखे. घरगुती उद्योगाला ही वर्षातली सर्वांत सोपी ठोक ऑर्डर. अट एवढीच की नमुना डिसेंबरच्या मध्यात भिशीतल्या हातात पडला पाहिजे. जानेवारीत टाकलेली पोस्ट उशिराची. तीन भावांचे तीन नमुने, नगावर छोटं लेबल, लेबलावर क्यूआर: शंभर नग म्हणजे शंभर घरं, आणि वाण घरी नेणारी प्रत्येकजण पुढचं गिऱ्हाईक.

तान्ह्या पोळ्याला कॉलनीकॉलनीत पोरं लाकडी नंदी सजवून आणतात आणि मंडळं बक्षिसांसाठी दुकानदारांकडे येतात. फ्लेक्सला पैसे देऊ नका, तो संध्याकाळी उतरतो. त्याच पैशांत प्रत्येक पोराला आपल्या दुकानाची पिशवी आणि आत दिवाळीपर्यंत चालणारं कूपन द्या. कूपनवर कॉलनीचं नाव छापलं तर कुठल्या मंडळातून किती आले ते आपोआप मोजलं जातं.

मोजायला याहून भारी काही लागत नाही. बिलबुकात एक रकाना वाढवा, 'कसं कळलं?', आणि त्यात एक अक्षर: गू, व्हॉ, इ, मी, ओ. ओळखीतून आलेल्यापुढे कुणाच्या ओळखीतून तेही लिहा. त्याला आठवड्याच्या आत फोन गेला पाहिजे: 'दादा, तुम्ही पाठवलेल्या ताई आल्या होत्या, काम झालं.' फोन नाही गेला तर तो दुसरं नाव पाठवत नाही.

एजन्सीला देणार असाल तर

'महिन्याला बारा पोस्ट, चार रील' ही पॅकेजं हल्ली सगळीकडे मिळतात. पोस्ट मोजून पैसे देणं म्हणजे विटा मोजून घराची किंमत करणं. करारात संदेशांना उत्तर कोण देणार हे लिहिलेलं नसेल तर ते तुमच्याच गळ्यात आहे असं समजा. सणांच्या शुभेच्छा पोस्टींमध्ये धरल्या आहेत का तेही बघा. बारातल्या पाच त्याच निघतात. फोटो काढायला कुणी दुकानात येणार, की इंटरनेटवरच्या परक्या ताटांवर तुमचा लोगो चिकटणार?

आणि खाती आपल्या हातात ठेवा. गूगल प्रोफाइलचा मुख्य मालक तुम्हीच, एजन्सीला फक्त व्यवस्थापकाचा हक्क. इन्स्टा तुमच्या नंबरवर आणि मेलवर उघडलेलं. जाहिरात खातं तुमच्या नावानं, एजन्सीला त्यात सामील करून घ्यायचं. त्यांच्या खात्यातून जाहिरात चालली तर साथ सुटल्यावर आकडे त्यांच्याकडेच राहतात आणि जीएसटीचं बिलही तुमच्या नावाचं नसतं. व्हॉट्सॲपचा ओटीपी कुणालाही सांगू नका, दुहेरी पडताळणीचा सहा आकडी पिन आजच टाका, आणि तो काउंटरवरच्या पोराला नव्हे, घरात कुणाला तरी माहीत असू द्या.